आकाशाचं तापमान : माझं मॉडेल म्हणतं १०, डिश म्हणते ४६. चूक कुणाची?

अगाशीवरचा
नमस्कार मंडळी. मी दांडिया बाजारात राहतो, जुना वाडा आहे, वर मोठी अगाशी (बडोद्याबाहेरच्यांसाठी गच्ची). कारखान्यात इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला होतो, आता निवृत्त. टीव्हीचं कनेक्शन बंद केलं तेव्हा डिश तशीच पडून होती, तिच्या एलएनबीला (डिशसमोरची, लहरी पकडणारी डबी) भाच्यानं दिलेलं एक आरटीएल-एसडीआर डोंगल (कॉम्प्युटरला लावायचा छोटा रेडिओ) जोडलं आणि ११ गिगाहर्ट्झला आकाश मोजायला लागलो. आकाशातून मायक्रोवेव्ह येतात, हवा स्वतःच त्या सोडते, हे वाचलं होतं, म्हटलं बघू तरी.

मग वाटलं, नुसतं मोजून काय, किती यायला पाहिजे तेही काढू. पायथॉन शिकलो. हवेचे ६० थर केले, प्रत्येकी २५० मीटर, म्हणजे १५ किलोमीटरपर्यंत. दाब, तापमान, बाष्प अहमदाबादच्या हवामान खात्याच्या बलूनचं घेतलं, सकाळी साडेपाचचं, वायोमिंग विद्यापीठाच्या साइटवर रोज मिळतं. शोषणाचं सूत्र आयटीयूच्या (आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ) पी.६७६ शिफारशीतलं. सगळ्यात वर २.७ केल्विन (अवकाशातूनच येणारं किरण) ठेवले आणि थराथरानं खाली उतरत आलो. डोक्यावरच्या निरभ्र आकाशाचं उत्तर आलं १० केल्विन.

मोजलं असं की एलएनबीच्या तोंडावर हात धरला (हात म्हणजे ३०५ केल्विन) आणि मग डिश सरळ वर केली. हाताची पॉवर आकाशाच्या ५.३ पट. एलएनबीवर ०.२ डीबी नॉइज (यंत्राची स्वतःची खरखर) लिहिलंय, म्हणजे १४ केल्विन. गणित केलं तर आकाश ४६ केल्विन!

३६ केल्विनचा फरक. तीन आठवडे झाले, कोड चारदा पहिल्यापासून लिहिला. सूत्र चुकतंय का माझं, की श्रावणातली हवाच अशी आहे? कुणाला यातलं कळत असेल तर सांगा.

मंगळबाजार
काका ४६ केल्विन म्हणजे उणे २२७ डिग्री ना? इथे तर घाम पुसून पुसून रुमाल पिळायची वेळ आलीय :)

दूरदेशी_बडोदेकर
मंगळबाजार, प्रश्न चांगला आहे, आधी त्याचं सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. हे हवेचं तापमान नाही. त्याला ब्राइटनेस टेम्परेचर म्हणतात, दीप्तितापमान म्हणा. म्हणजे असं की डिशमध्ये जेवढी मायक्रोवेव्ह येतेय तेवढी देणारी पूर्ण काळी वस्तू किती तापमानाची असती. भिंत जवळजवळ पूर्ण काळी आहे म्हणून भिंतीचं दीप्तितापमान भिंतीइतकंच. हवा मात्र ११ गिगाहर्ट्झला जवळजवळ पारदर्शक, मलमलीच्या पडद्यासारखी. पडदा जेवढं अडवतो तेवढंच स्वतःचं देतो, ना जास्त ना कमी. हवा दोन टक्के अडवत असेल तर स्वतःच्या २८० केल्विनचे दोन टक्के देणार, झाले साडेपाच. म्हणून उकडत असताना सुद्धा आकाश "थंड".

थरांचं गणितही एवढंच आहे हो. समजा वरून ३०० केल्विनचं काहीतरी येतंय आणि मध्ये २५० केल्विनचा थर आहे जो दहा टक्के अडवतो. ३०० चे नव्वद टक्के २७०, अधिक २५० चे दहा टक्के २५, बाहेर पडले २९५. तेच २९५ पुढच्या थराला द्यायचे. अगाशीवरचा यांनी ६० वेळा हेच केलंय. मायक्रोवेव्हमध्ये किरणांची तीव्रता तापमानाच्या सरळ प्रमाणात असते म्हणून हे इतकं सोपं, इन्फ्रारेडला असं चालत नाही.

काका, मी नोकरीत हेच करतो (वातावरणाची मॉडेलं), म्हणून फार आनंद झाला तुमचं वाचून. डोक्यावर १० हे उत्तर साधारण योग्य वाटतंय. ४६ मला पटत नाही. पण घाई नको, मधल्या थरांच्या चार ओळी इथे टाका ना.

मंदाताई_रावपुरा
मी शाळेत फिजिक्स शिकवायचे. मुलं हमखास विचारायची की स्वयंपाकघरातला मायक्रोवेव्ह पाण्याच्या रेणूच्या नेमक्या लयीवर चालतो म्हणून पाणी तापतं का. नाही. तो २.४५ गिगाहर्ट्झचा, आणि त्या जागी पाण्याची काही रेघ (नेमक्या एका लहरीवरचं जोरदार शोषण) वगैरे नाहीये. द्रव पाणी सगळ्याच मायक्रोवेव्हमध्ये कमीजास्त शोषतं, रेणू फिरायला जातो आणि शेजारी त्याला अडवतात. वाफेचा रेणू मोकळा असतो, कुणी हात धरलेला नाही, म्हणून त्याच्या रेघा ठरलेल्या जागी, २२.२३५ गिगाहर्ट्झला एक लहानशी आणि १८३.३१ ला जबरदस्त. आणि बर्फ तर जवळजवळ शोषतच नाही. वाटीत कोरडा फ्रीजरमधला बर्फ आणि दुसऱ्या वाटीत पाणी ठेवून अर्धा मिनिट चालवून बघा, पाणी गरम आणि बर्फ जवळपास तसाच, जिथे ओला झाला तिथूनच वितळतो.

एकच एच-टू-ओ, तीन रूपं आणि तीन स्वभाव. मॉडेलमध्ये तिघांना वेगवेगळं धरावं लागत असणार ना?

दूरदेशी_बडोदेकर
ताई, अगदी बरोबर. बाष्प, ढगातलं पाणी, पाऊस आणि बर्फ, सगळ्यांचे हिशेब वेगळे. बर्फाचं तर आणखी एक, तो शोषत नाही पण विखुरतो. वरून उपग्रह ८९ गिगाहर्ट्झला मोठ्या गडगडाटी ढगाकडे बघतो तेव्हा ढग एकदम थंड दिसतो, कारण खालून येणारं उबदार किरण बर्फाच्या गारा इकडेतिकडे फेकून देतात. मग नुसता वर-खाली हिशेब पुरत नाही, सगळ्या दिशा एकाच वेळी सोडवाव्या लागतात. काकांच्या ११ गिगाहर्ट्झला निरभ्र आकाशात यातलं काही नाही, ते सुखी आहेत.

ग्वाल्हेरचा_वाडा
काका तुम्हाला नोबेल मिळायची लक्षणं दिसतायत. १९६४ मध्ये अमेरिकेत होल्मडेलला पेंझियास आणि विल्सन यांचं हेच झालेलं, अँटेनात हिशेबापेक्षा जास्त नॉइज. त्यांनी कबुतरं पकडून लांब पाठवली, घाण साफ केली, तरी जाईना. ते निघालं विश्वाच्या जन्माचं उरलेलं किरण, १९७८ ला नोबेल. तुमच्या डिशवर कबुतरं बसतात का ते आधी बघा.

अगाशीवरचा
बसतात हो, दांडिया बाजारात कबुतरांना काय तोटा! डिश रोज पुसतो. आणि ते २.७ मी आधीच धरलेत.

मंदाताई_रावपुरा
त्या गोष्टीतला एक भाग कुणी सांगत नाही म्हणून सांगते. त्यांना ४०८० मेगाहर्ट्झला डोक्यावर एकूण ६.७ केल्विन मिळाले होते. त्यातले २.३ हवेचे, ०.८ अँटेनाच्या धातूतल्या तोट्याचे, जमिनीचे ०.१ हून कमी, आणि उरले ३.५. हवेचे २.३ त्यांनी अंदाजानं नाही धरले, अँटेना तिरकी करत करत मोजून काढले. एकेका केल्विनचा हिशेब चोख होता म्हणून उरलेल्या साडेतीनवर त्यांना ठाम उभं राहता आलं. कबुतरांपेक्षा मला तो हिशेब जास्त आवडतो.

सरळमार्गी
मला एक कळत नाही, एवढी तयार मॉडेलं फुकट मिळत असताना स्वतः कोड का लिहायचा? एआरटीएस आहे, ब्रेमेन आणि स्वीडनच्या लोकांनी बनवलेलं, ओपन सोर्स. स्मिथसोनियनच्या शास्त्रज्ञानं लिहिलेलं 'एएम' आहे, ते तर रेडिओ दुर्बिणवाले वापरतात. त्यात आकडे टाका, उत्तर घ्या, आपल्या कोडवर शंकाच नको. घरी पंप बनवून कुणी विहिरीचं पाणी काढतं का?

दूरदेशी_बडोदेकर
सरळमार्गी, अर्धं पटतं. तपासायला तयार मॉडेल हवंच, मी काकांना 'एएम' चालवून बघा असं सांगणारच होतो. पण तयार मॉडेल म्हणजे जादूचा डबा नाही हो. आत तेच थर, तेच २९५ चं गणित. आणि आतल्या आकड्यांमध्ये माणसांनी घेतलेले निर्णय आहेत. उदाहरण देतो. बाष्पाच्या सगळ्या रेघा जोडल्या तरी मोजलेलं शोषण जास्त येतं, रेघांच्या मधल्या जागेत. त्याला कंटिन्यूअम म्हणतात आणि मॉडेलमध्ये ते मोजमापांवरून बसवलेलं असतं. लीबी यांचं १९८७ चं एक, १९९३ चं एक, रोझेनक्रांट्झ यांनी १९९८ मध्ये दोन्हीतलं निवडून तिसरं केलं. ११ गिगाहर्ट्झ नेमकं या मधल्या जागेत येतं. तयार मॉडेलमध्ये बटण दाबलं की यातलं एक निवडलं जातं आणि आपल्याला पत्ताही नसतो. ज्यानं स्वतः ६० थर उतरलेत त्याला तो प्रश्न पडतो.

हवामानाचा अंदाज देणाऱ्या केंद्रांत तर आणखी वेगळं. तिथे आरटीटीओव्ही नावाचं मॉडेल चालतं, ते रेघारेघांचा हिशेब करतच नाही, वेळ कुठेय? आधी सावकाश मॉडेलनं थोड्या नमुना-वातावरणांवर उत्तरं काढून ठेवतात आणि त्यावर बसवलेली सोपी सूत्रं वापरतात, म्हणून ते डोळ्याची पापणी लवते न लवते तोच उत्तर देतं.

सरळमार्गी
ठीक, हे माहीत नव्हतं. तरी मी म्हणेन दोन्ही चालवा.

विश्वामित्रीकाठ
मी यातली जाणकार नाही पण एक विचारते. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीचं पाणी आमच्या तळमजल्यात छातीपर्यंत होतं. सासूबाईंना खुर्चीसकट उचलून वर नेलं, फ्रीज तरंगत दारापर्यंत आला होता तो आवाज अजून कानात आहे. तेव्हापासून मी हवामानाचं मिळेल ते वाचते. या मायक्रोवेव्हच्या मॉडेलांचा पावसाच्या अंदाजाला खरंच काही उपयोग होतो का, की हे फक्त हौसेचं?

दूरदेशी_बडोदेकर
फार उपयोग होतो, ताई. माझी आईबाबाही तेव्हा अकोट्यात अडकली होती, मी इथून नुसता फोन लावत होतो.

ढगांच्या आत काय चाललंय ते इन्फ्रारेडला दिसत नाही, ते ढगाच्या माथ्यावर थांबतं. मायक्रोवेव्ह बऱ्याचशा ढगांतून आरपार येतात. ५० ते ७० गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात ऑक्सिजनच्या रेघांचा मोठा गठ्ठा आहे. ऑक्सिजन सगळीकडे सारख्याच प्रमाणात मिसळलेला, म्हणून तिथे जे कमीजास्त दिसतं ते तापमानामुळे. रेघेच्या अगदी मधोमध ऐकलं तर उंचावरची हवा बोलते, कडेला ऐकलं तर खालची. असे दहाबारा चॅनेल घेतले की तापमानाची जणू शिडीच मिळते. १८३ गिगाहर्ट्झला तसंच बाष्पाचं.

पण उपग्रह तापमान पाठवत नाही, फक्त दीप्तितापमान पाठवतो. मग अंदाजाचं मॉडेल म्हणतं, माझ्या हिशेबानं अरबी समुद्रावर आत्ता हवा अशी आहे, म्हणजे उपग्रहाला २४८ दिसायला हवेत. उपग्रह म्हणतो २५१. त्या तीन केल्विनवरून हवेचं चित्र दुरुस्त करतात आणि मग पुढचा अंदाज धावतो. मधला "इतके दिसायला हवेत" हा दुवा म्हणजेच काका अगाशीवर करतायत ते मॉडेल. तो दुवा एक केल्विननं चुकला तर समुद्रावरचं बाष्पही चुकतं.

मंदाताई_रावपुरा
यात आपल्याकडचं काम फार जुनं आहे बरं. भास्कर-१ जून १९७९ मध्ये गेला, त्यावर समीर नावाचं मायक्रोवेव्ह रेडिओमीटर होतं, १९ आणि २२ गिगाहर्ट्झचं. १९८१ च्या भास्कर-२ मध्ये ३१ पण घातलं. मग १९९९ ला ओशनसॅट-१, आणि ऑक्टोबर २०११ ला फ्रान्सबरोबर मेघा-ट्रॉपिक्स, त्यावरचं सफीर नावाचं यंत्र १८३ गिगाहर्ट्झला सहा चॅनेलांनी बाष्प बघायचं. बडोद्याहून शंभरेक किलोमीटरवर अहमदाबादेत स्पेस ॲप्लिकेशन्स सेंटर आहे, आमच्या वेळी मुलांची सहल तिथे न्यायचो. मुलांना मी सांगायचे समीर म्हणजे वारा.

मंगळबाजार
ताई पण समुद्रावरच का बघतात, जमिनीवर का नाही? पाऊस तर जमिनीवर हवाय.

दूरदेशी_बडोदेकर
छान प्रश्न. समुद्र मायक्रोवेव्हला आरशासारखा, खालच्या गिगाहर्ट्झला तो स्वतःच्या तापमानाच्या निम्म्याच्या आसपासच दीप्ती देतो. म्हणजे मागचा पडदा काळोखा, त्यावर बाष्पाची ऊब उठून दिसते. कोरडी जमीन नव्वद टक्क्यांच्या वर देते, मागेच दिवा लावल्यासारखं, त्यापुढे हवेची मंद ज्योत कशी दिसणार. शिवाय जमीन बदलते. कच्छचं रण मे महिन्यात उबदार दिसतं आणि पावसाळ्यात पाणी भरलं की तेच एकदम थंड, खऱ्या तापमानात तेवढा फरक नसून. मॉडेलमध्ये हवा कितीही अचूक असली तरी खालची जमीन चुकली की उत्तर गेलं. काकांचा फायदा हा की ते खालून वर बघतायत, मागे २.७ केल्विनचं विश्व, त्याच्याइतका स्वच्छ काळोख कुठे मिळणार.

टॉवरखालचा
विषय निघालाच आहे तर फाइव्हजीचं पण बोला. आमच्या सोसायटीत टॉवरवरून भांडणं चालू आहेत, सगळे म्हणतात किरणं घातक. इथे तर म्हणताय हवाच किरणं सोडते.

मंदाताई_रावपुरा
सोडते ना, तुम्ही आम्ही सुद्धा सोडतो, काकांनी हात धरला तेव्हा हाताचीच तर मोजली. मायक्रोवेव्हचा एकेक कण रेणू तोडू शकेल इतका ताकदीचा नसतोच. जास्त पॉवर असली तर ऊतक तापतं, म्हणून टॉवरला पॉवरच्या मर्यादा आहेत. सोसायटीच्या मीटिंगमध्ये मापन मागवा, भांडण नको.

दूरदेशी_बडोदेकर
फाइव्हजीबद्दल मला काळजी आहे ती निराळी. २३.६ ते २४ गिगाहर्ट्झ हा पट्टा बाष्प ऐकण्यासाठी राखीव आहे, तिथे कुणी बोलायचं नाही. उपग्रह २३.८ वर बाष्प ऐकतात. बाष्पाची रेघ २२ ला आहे ती काही आपण दुसरीकडे हलवू शकत नाही, निसर्गानं दिली तिथेच आहे. आणि फाइव्हजीचा २६ गिगाहर्ट्झचा पट्टा सुरू होतो २४.२५ पासून, अगदी शेजारच्या खोलीत. भिंतीतून आवाज गळला तर उपग्रहाला वाटणार बाष्प वाढलं. २०१९ ला शर्म-अल-शेखच्या परिषदेत गळतीवर मर्यादा घातली, १ सप्टेंबर २०२७ पासून बसवल्या जाणाऱ्या यंत्रणेला आणखी कडक. हवामानवाल्यांनी मागितली होती त्याहून ती सैलच आहे. आपल्याकडे २६ चा लिलाव २०२२ ला झाला. विश्वामित्रीकाठ ताईंनी विचारलं त्याच्याशी याचा सरळ संबंध आहे म्हणून लिहिलं.

अगाशीवरचा
उशीर झाला, डोळ्याचे थेंब घालायचे होते. दूरदेशींनी मागितल्या त्या ओळी. दाब, तापमान, बाष्प असं :
१००० हेक्टोपास्कल, २७ अंश, २०
५०० हेक्टोपास्कल, उणे ४ अंश, ५
कोडमध्ये सूत्र बाष्प ग्रॅम प्रति घनमीटर मागतं, ते मी हेच दिलंय.

दूरदेशी_बडोदेकर
काका, एक सापडलं! बलूनच्या तक्त्यात तो रकाना मिक्सिंग रेशोचा आहे, म्हणजे एक किलो कोरड्या हवेत किती ग्रॅम बाष्प. घनमीटरात नव्हे. खाली एक घनमीटर हवेचं वजन साधारण १.१५ किलो, म्हणून २० चे २३ व्हायला हवेत. आणि ५०० हेक्टोपास्कलला घनमीटरभर हवा फक्त ०.६५ किलो, तिथे ५ चे ३.२. म्हणजे तुमचं मॉडेल खाली बाष्प कमी धरतंय आणि वर जास्त. सगळा स्तंभ बेरजेला घ्या आणि बघा किती मिलिमीटर पाणी होतं.

अगाशीवरचा
अरे देवा. बेरीज केली. आधी ६८ मिलिमीटर येत होतं, आता ५५. म्हणजे डोक्यावरची सगळी वाफ पिळली तर अगाशीवर साडेपाच सेंटिमीटर पाणी. मॉडेलचं उत्तर १० वरून ९.१ झालं. पण हे तर उलट दिशेला गेलं ना! ४६ अजूनच लांब गेले.

दूरदेशी_बडोदेकर
हो, लांब गेले, आणि तरी ही दुरुस्ती मोलाची आहे. ११ गिगाहर्ट्झला बाष्पाचा वाटा लहान म्हणून एकाच केल्विननं हललं. हेच तुम्ही २२ ला करत असता तर कितीतरी जास्त. आता मॉडेलवर माझा भरवसा बसला, मोजमापाकडे वळू.

तुमच्याकडे माहीत असलेली एकच वस्तू आहे, हात. आणि माहीत नसलेल्या दोन, आकाश आणि एलएनबीचा स्वतःचा नॉइज. एका समीकरणात दोन अज्ञात. त्यातलं एक तुम्ही लेबलवरून घेतलंत, ०.२ डीबी. त्या लेबलवर विसंबू नका काका, बाजारातल्या एलएनबीचा खरा आकडा बहुतेक त्याहून बराच जास्त निघतो. १४ च्या जागी ४० असतील तर तिथेच बराचसा फरक गेला. दुसरं, डिशच्या कडेवरून एलएनबी थोडं पलीकडेही बघतं, आणि डिश सरळ वर केली की पलीकडे असते तुमची तापलेली अगाशी. ३०० केल्विनचे पाच टक्के म्हणजे १५.

उपाय १९४६ चा आहे. डिकी या अमेरिकन शास्त्रज्ञानं आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फ्लोरिडात जाऊन हवेतल्या बाष्पाचं शोषण असंच मोजलं, युद्धात १.२५ सेंटिमीटरचं रडार दमट हवेत लांबवर बघेना, ती लांबी बाष्पाच्या रेघेजवळ पडली होती. त्यांनी अँटेना तिरकी करत मोजलं. डोक्यावर हवा एक पट, ३० अंश उंचीवर बरोबर दोन पट. एलएनबीचा नॉइज दोन्हीकडे तोच, म्हणून वजाबाकीत उडून जातो आणि उरते ती फक्त हवा.

मंदाताई_रावपुरा
तिरकी करताना उत्तरेकडेच करा हं. दक्षिणेला भूस्थिर उपग्रहांची रांग आहे, एखादा मध्ये आला तर मीटर ओरडेल.

सिंगतेल
पत्र्याचं काम करतो म्हणून बोलतो. डिश काढा. पंधरा किलोचा सिंगतेलाचा (शेंगदाण्याच्या तेलाचा) डबा उभा कापून पत्रा सरळ करा आणि चौकोनी कर्णा करा, मागे एलएनबीच्या तोंडाएवढं, पुढे वीतभर. कोपरे आतून डाखून घ्या, फट राहिली तर आतबाहेर गळतं. कर्ण्याला कडेचं दिसत नाही. काका घर सांगा, मीच करून देतो, कोठीपासून दहा मिनिटांवर तर आहे.

मंगळबाजार
या धाग्यात नोबेलपासून सिंगतेलापर्यंत सगळं आलं. काका एकदा सगळ्यांना सेव-उसळ द्या.

अगाशीवरचा
बारा दिवसांनी लिहितोय, पण सविस्तर.

सिंगतेलभाई स्वतः आले, पैसे घेतले नाहीत, आमच्याकडे भाकरी खाऊन गेले. कर्णा बसवला. हात आणि आकाश यांचं गुणोत्तर ५.३ वरून ६.४ वर गेलं, म्हणजे अगाशीची ऊब येत होती हे नक्की. मग पाच निरभ्र पहाटा, बलूनच्या वेळेलाच, साडेपाचला. एकदा भिंत, मग डोक्यावर, मग ४२ अंश (हवा दीड पट), मग ३० अंश, परत डोक्यावर, परत भिंत. एका केल्विनला मीटर किती सरकतं ते भिंत आणि आकाशाच्या फरकातून काढलं, तिथे आकाश पाचदहा केल्विननं चुकलं तरी तीनचार टक्क्यांचाच फरक पडतो.

पाच पहाटांची सरासरी :
डोक्यावरून ४२ अंशाला ३.४ केल्विन वाढ. मॉडेल ३.२.
डोक्यावरून ३० अंशाला ७.५ केल्विन वाढ. मॉडेल ६.३.

एकेका दिवशी दीड केल्विन इकडेतिकडे होतं. आधी वाटलं नॉइज असेल, पण हिशेब केला तर यंत्र आणि आकाश मिळून वाढवून १०० केल्विन धरले तरी २ मेगाहर्ट्झ रुंदी आणि एक सेकंद दिला की नॉइज ०.०७ केल्विन. खरा चोर म्हणजे एलएनबीची गेन (ते सिग्नल किती पट वाढवतं ते). हवा जरा गार-गरम झाली की ती हलते, आणि त्या १०० केल्विनमध्ये एक टक्का गेन हलली की एक केल्विन गेला. म्हणून दर दोन मिनिटांनी भिंतीकडे परत यायचं ठेवलं. डिकी यांनी त्यासाठीच सेकंदाला अनेकदा आकाश आणि ठरलेली वस्तू यांच्यात अदलाबदल करणारी चकती लावली होती असं वाचलं, आता त्यांचा हेतू हातात जाणवला.

आणि एलएनबीचा नॉइज अधिक उरलासुरला भटका : ४४ केल्विन. लेबल म्हणतं १४.

तीस वर्षं मी कारखान्यात मोटारींच्या नेमप्लेट वाचल्या आणि दर वेळी मीटर लावून खात्री केली. इथे ते करायला विसरलो होतो.

दूरदेशी_बडोदेकर
काका, कॉफी थंड झाली माझी वाचता वाचता. डब्याच्या कर्ण्यानं ३.२ ला ३.४! ३० अंशाचे ७.५ जास्त का, त्याचंही कारण आहे, कर्ण्याचं बघणं रुंद आहे, वीसेक अंश. ३० कडे धरलं की त्याची खालची कडा २० अंशाकडे बघते आणि तिथे हवा तीन पट असते. मॉडेलमध्ये एकच किरण न सोडता पाच किरण सोडा, वेगवेगळ्या उंचीचे, आणि कर्ण्याच्या संवेदनेप्रमाणे वजन देऊन सरासरी घ्या. उपग्रहाच्या मॉडेलातही हे करावंच लागतं.

सरळमार्गी
मी काकांच्या आकड्यांवर 'एएम' चालवलं. डोक्यावरचं उत्तर त्यांच्या कोडपेक्षा अर्ध्या केल्विनच्या आत आहे. माझे शब्द मागे घेतो, पंप चांगला आहे.

टॉवरखालचा
एक राहिलं, पावसात टीव्ही का जातो मग? हवा तर पारदर्शक म्हणता.

मंदाताई_रावपुरा
पाऊस पारदर्शक नाही ना. आणि मार दुहेरी बसतो. पावसानं ३ डीबी अडवलं तर उपग्रहाचा आवाज निम्मा झालाच, वर तो पाऊस स्वतःच्या २८० केल्विनचे निम्मे म्हणजे १४० केल्विन नॉइज कर्ण्यात ओततो. जिथे ९ होते तिथे १४०. कुजबुज ऐकत असताना कुणी आवाज कमी करावा आणि शेजारी मिक्सरही लावावा, तसं.

विश्वामित्रीकाठ
सगळं नाही कळलं पण त्या "२४८ दिसायला हवेत, २५१ दिसले" वर मी बराच वेळ थांबले. काका, मुलाला घेऊन एकदा बघायला येऊ का? नववीत आहे, पुरानंतर ढग आले की गप्प होतो.

अगाशीवरचा
जरूर या. पाच वाजता या, खालच्या दाराची कडी काढून ठेवतो, जिना अरुंद आहे तर जपून. पाच किरणांचा कोड आज रात्री लिहितो, ३० अंशाला कर्णा तोच धरेल आणि मीटर मी वाचेन.

सिंगतेल
मी पण येतो. दुसरा डबा आणतो, लांब कर्णा करू, बघणं अरुंद होईल.